नाथाजीच्या फियाटचं ॲव्हरेज

आष्ट्यात नाथाजी साळुंख्याला कुणी रामराम घातला तर उलट रामराम यायचा नाही, आकडा यायचा. "काल सतरा लागलं बघ," असं म्हणून तो समोरच्याच्या तोंडाकडं बघत उभा राहायचा आणि भुवया वर गेल्याशिवाय तिथून हलायचा नाही. हा आकडा म्हणजे त्याच्या फियाटचं ॲव्हरेज. लिटरभर पेट्रोलात गाडी किती किलोमीटर पळते, या एका प्रश्नावर या गृहस्थानं आपली सगळी अक्कल खर्ची घातली होती. अक्कल मुळात बेताचीच, त्यामुळं संसाराच्या वाट्याला काही उरलं नव्हतं.

हे मत त्याच्या बायकोचं, बनुबाईचं. ती ते बोलून दाखवत नसे. भाकरी थापताना परातीवर जरा जोरात हात आपटायची, एवढंच.

नाथाजी लष्करात ट्रकवर ड्रायव्हर होता. तिथं टाकी सरकारची, तेल सरकारचं. पठ्ठ्यानं थंडीत नुसतं इंजिन चालू ठेवून बोटं शेकली, सांडलेल्या पेट्रोलनं बुटांचे डाग काढले, आणि एका लिटरात ट्रक किती जातो हा विचार त्याच्या टोपीखाली कधी शिरला नाही. पुढं पेन्शनीत आला, सांगलीच्या एका डॉक्टरची जुनी पांढरी फियाट घेतली आणि पहिल्यांदा स्वतःच्या खिशात हात घालून टाकी भरली. त्या दिवशी हा माणूस जो बिघडला तो पुन्हा नीट झाला नाही.

पेट्रोल भरायला तो भल्या पहाटे जायचा. गारव्यात पेट्रोल आक्रसतं आणि लिटरमागं जरा जास्त बसतं, असं त्याला पलटणीत कुणीतरी सांगितलं होतं. पंपावरच्या माणसानं टाकी भरली म्हणून नळी काढली, की नाथाजीचा खरा सोहळा सुरू व्हायचा.

"बनु, उतर खाली. हालीव."

मग बनुबाई डोक्यावरचा पदर दातात धरून गाडीच्या मागच्या बाजूला दोन्ही हात टेकायची आणि गाडी गदागदा हलवायची. टाकीत अडकलेली हवा 'बुडुक' करून वर यायची. तेवढ्या जागेत आणखी कपभर पेट्रोल मावायचं. मागं दुधाची गाडी, उसाचा ट्रॅक्टर खोळंबलेला, त्यावरचे लोक हॉर्न वाजवून हसतायत, आणि ही साळुंख्यांची सून भर रस्त्यात मोटार झुलवतीय. शेवटी नाथाजी स्वतः ती नळी खांद्यावर घेऊन तिचं वेटोळं सरळ करायचा आणि आत राहिलेले चार थेंब टाकीत निथळून घ्यायचा. पंपाचा मालक कपाळाला हात लावायचा. बनुबाईला वाटायचं, धरणी दुभंगून आपल्याला नको, याला पोटात घेईल तर बरं.

गाडी चालवायची पद्धतही तशीच. जरा उतार लागला की इंजिन बंद. वारा आत शिरून गाडी अडते म्हणून काचा वर, मग आत बसणारा घामानं चिंब झाला तरी चालेल. डिक्कीतला पाना, जॅक, पाण्याचा कॅन असलं सगळं त्यानं वजन म्हणून घरी काढून ठेवलं होतं. बायकोला काढून ठेवता येत नव्हतं, एवढीच त्याची अडचण.

"तू बसलीस की आर्दा किलोमीटर जातोय," तो म्हणायचा. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्यानं आपल्याबद्दल काढलेला हा एकच ठाम निष्कर्ष, हे बनुबाईच्या ध्यानात राहिलं होतं.

लोक गाडीच्या मागच्या काचेवर आईवडिलांचा आशीर्वाद लिहून घेतात, मुलांची नावं लिहितात. नाथाजीनं पेंटरला बोलावून मोठ्या लाल अक्षरांत लिहून घेतलं, 'ॲव्हरेज १७'. आकडा बदलला की पेंटर पुन्हा यायचा, चहा प्यायचा आणि जुना आकडा खरवडून नवा काढायचा. पण सतराच्या पुढं गाडी काही केल्या सरकेना. नाथाजीचं जेवण कमी झालं. एकुलती एक पोर साक्षी बी.ए. पास झाली, त्या दिवशी यानं पेढा हातात घेऊन विचारलं, "टायरात हवा किती असंल गं?"

आता बनुबाईच्या गॅसचं सांगितलं पाहिजे. तिचं माहेर आटपाडीकडचं, कोरड्या रानातलं. बाभळीच्या काटक्या वेचत लहानपण गेलं, त्या जाळत जवानी गेली. आष्ट्याला आली तरी चूल काही सुटली नव्हती. धुरानं तिला बारमाही खोकला लागला होता. गॅसच्या यादीत नाव घालून वर्षानुवर्षं वाट बघितली तेव्हा कुठं नंबर लागला आणि शेगडीबरोबर दोन सिलिंडर घरी आले. पहिल्या दिवशी तिनं शेगडीला हळदकुंकू वाहिलं. निळी फुलासारखी आच बघत ती नुसतीच उभी राहिली, भांडं ठेवायचं विसरून. महिन्याभरात खोकला निम्मा झाला. चुलीवर तिनं पालथी पाटी घातली आणि मनात म्हणाली, माझं झालं ते झालं, माझी साक्षी आता कधी फुंकणी धरणार नाही. देवाकडं तिनं यापेक्षा जास्त काही मागितलं नव्हतं.

देवानं ऐकलं, पण नाथाजी होता ना मध्ये.

कुपवाडच्या एमआयडीसीत जालिंदर म्हणून एक मेकॅनिक होता. गाडीला घरगुती गॅस जोडून द्यायचं काम तो शेडच्या मागच्या बाजूला, दार लावून करायचा, कारण ते कायद्यात बसणारं नव्हतं. नाथाजी एका सकाळी फियाट घेऊन गेला आणि संध्याकाळी परत आला तो हवेत चालत. गाडीच्या पुढच्या फळीवर एक छोटी चावी बसली होती. डावीकडं फिरवली की पेट्रोल, उजवीकडं फिरवली की गॅस. सुरू करायची पेट्रोलवर, घराचा कोपरा वळला की चावी उजवीकडं. अशी ही दोन तोंडांची गाडी झाली, आणि दोन्ही तोंडांना घास याच घरातून.

भरलेला जादा सिलिंडर त्यानं उचलला, डिक्कीत आडवा घातला, वर पोतं टाकलं.

"आवं, ह्ये काय करताय?" बनुबाई दारात आली.

"जादाचा हाय न्हवं? पडूनच हाय त्यो."

जादाचा संपल्यावर त्यानं स्वयंपाकघरातला चालू सिलिंडर काढला. रिकामा परत दिला की नवीन यायला आठवडेच्या आठवडे लागायचे, आणि नवीन आला की जमिनीला न टेकता थेट डिक्कीत जायचा. बनुबाईनं चुलीवरची पाटी उचलली. पहिल्याच धुराला खोकला असा आला, जसा कुठं गेलाच नव्हता.

इकडं ॲव्हरेज मात्र उड्या मारायला लागलं. बावीस, सत्तावीस, एकतीस! कारण सोपं होतं. हा महापुरुष टाकीतलं पेट्रोल तेवढं मोजत होता. गाडी गॅसवर पळायची आणि श्रेय पेट्रोलला मिळायचं.

बनुबाईनं एकदा विचारलं, "आन् गॅस जळला त्याचं काय? त्यो कुटं धरलासा?"

नाथाजीनं तिच्याकडं असं बघितलं, जसा एखादा मास्तर ढ पोराकडं बघतो. "त्यो घरचा हाय गं. घरचं कोन मोजतंय?"

वाईट याचं, की तो फसवत नव्हता. त्याला ते मनापासून पटलेलं होतं. पंपावरचं ते इंधन. घरातलं ते काय, असतंच. घरातली भाकरी, घरातलं पाणी, पहाटे गाडी हलवणारे हात, सगळं त्याच हिशेबात बसत होतं, म्हणजे कशातच नाही. तरीसुद्धा पोतं तो नीट झाकायचा आणि डिक्कीला कुलूप घालायचा. एवढी अक्कल बरोबर शाबूत होती.

गावाला काय, रंगवलेलं दिसलं की खरं. काचेवर 'ॲव्हरेज ३१' वाचून लोक तोंडात बोटं घालायचे. "मिलिटरीचा हात हाय, गड्या," असं एकमेकांना सांगायचे. नाथाजी कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसून तरुण पोरांना क्लच कसा अलगद सोडावा यावर तासभर ऐकवायचा. कारण विचारलं तर डोळे मिटून म्हणायचा, "पायात पायजे ती जाण." आणि आत, परड्याच्या दारात, बनुबाई ओल्या शेणकुटांवर फुंकर मारत बसलेली. साक्षी शेजारी बसायला आली की ती तिला हाताला धरून उठवायची. "तू जा आत. तुज्या डोळ्यास्नी ह्यो धूर लावायचा न्हाई."

आणि मग साक्षीचं लग्न ठरवायची वेळ आली. बापानं पोरीसाठी स्थळ शोधलं कुठं, तर पेट्रोल पंपावर.

हमरस्त्यावर पेठनाक्याजवळ नाथाजी पेट्रोल भरायला थांबला होता. बनुबाई मागं उभी राहून गाडी हलवत होती. तेवढ्यात शेजारी साताऱ्याची एक फियाट लागली, आणि तिच्यातून एक तरणाताठा पोरगा उतरून, कुणी न सांगता मागं जाऊन आपली गाडी हलवायला लागला. पुढं त्याचा बाप नळी खांद्यावर घेऊन थेंब निथळत होता. दोन बाप एकमेकांकडं बघत राहिले. जत्रेत हरवलेले भाऊ सापडले तरी कुणी एवढं विरघळत नाही.

"किती देती?" नाथाजीनं विचारलं.

"तेहतीस," साताऱ्याचे गृहस्थ म्हणाले. त्यांचं नाव हंबीरराव भोईटे.

नाथाजीचं तोंड उतरलं. "आमची एकतीस."

"हुईल, हुईल. हळूहळू हुईल," हंबीररावांनी मोठ्या मनानं धीर दिला.

त्यांचा तो पोरगा, ऋषिराज, साखर कारखान्यात नोकरीला होता आणि लग्नाचा होता. जातकुळी जुळत होती. घरी येईपर्यंत नाथाजीचा बेत पक्का झाला. वरचे दोन किलोमीटर हंबीरराव कुठून काढतात, हे परक्याला कोण सांगणार? व्याह्याला सांगतील. बनुबाईनं हे त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा तिला पहिल्यांदा हसू आलं आणि मग तिचा हात परातीवर जोरात आपटला. दोन किलोमीटरसाठी पोटची पोर द्यायला निघालेला बाप तिनं कुठल्या पुराणात ऐकला नव्हता.

रीतीप्रमाणं आप्पासो मध्यस्थ झाले. आप्पासो म्हणजे भावकीतले वडीलधारे, सगळ्यांच्या सोयरिकी जुळवणारे. त्यांनी पत्रिका बघितली, मुलगा साक्षीला दाखवला. साक्षी आईला एवढंच म्हणाली, "आई, माणूस वाईट वाटत नाही. पण तू घर बघून ये. तू बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

घर बघायला जाताना पुरुष जातात, अशी रीत. बनुबाई लुगडं बदलून, लाडवांची डबी घेऊन दारात उभी राहिली.

"तू कशाला? वजन वाडतंय," नाथाजी म्हणाला.

"मला सैपाकघर बगायचंय."

"सैपाकघरात काय बगायचं आसतंय?"

"येऊ द्या की वं त्यास्नी," आप्पासो मध्ये पडले. "आईचं मन हाय."

नाथाजीनं डबीकडं बोट केलं. ती तरी ठेव, म्हणाला. बनुबाईनं डबी मांडीवर घट्ट धरली आणि मागं जाऊन बसली. तिच्या पाठीमागं, पोत्याखाली, तिचा सिलिंडर होता. रस्ताभर तो खड्ड्याला खड्ड्याला खणखणत होता, आणि आप्पासो दर वेळी विचारत होते, "मागं काय वाजतंय रं?" नाथाजी म्हणत होता, "जॅक हाय, आप्पा, जॅक."

हंबीररावांचं घर साताऱ्यात किल्ल्याच्या बाजूला चांगल्या उंच चढावर होतं. एवढ्या वर घर का बांधलं, असं आप्पासोंनी विचारलं. हंबीरराव खुशीत आले. रोज सकाळी गावात जाताना इंजिन सुरूच करावं लागत नाही, म्हणाले. येताना चढ लागतो, त्याचं काय, हे त्यांना कुणी विचारलं नाही. नाथाजीच्या डोळ्यांत मात्र कौतुकानं पाणी यायचं बाकी होतं. आपण सपाट गावात जन्मलो, याचं त्याला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

अंगणात दोन्ही फियाट शेजारी शेजारी लागल्या. पुरुष मंडळी बैठकीत बसली. चहापोहे आले आणि गोष्टी सुरू झाल्या, त्या अर्थातच क्लचच्या आणि कार्बोरेटरच्या. नाथाजीनं जावयाची परीक्षा म्हणून ऋषिराजला विचारलं, "तुमचं काय मत?"

"टायरात हवा जरा चढीच ठेवावी," ऋषिराज म्हणाला आणि त्यानं बापाकडं बघितलं, बरोबर आलं का म्हणून. दोन्ही बापांनी माना डोलावल्या. पोराला बोलता येतं, याची खात्री झाली.

बनुबाई आत गेली. स्वयंपाकघर लख्ख होतं. ओट्यावर शेगडी होती आणि शेगडीवर विणलेला रुमाल अंथरून त्यावर प्लॅस्टिकच्या फुलांची फुलदाणी ठेवलेली. शेगडीची रबरी नळी गुंडाळून सुतळीनं बांधली होती. ओट्याखाली सिलिंडरच्या बुडाचा गोल गंज तेवढा फरशीवर उमटलेला. बनुबाई त्या गोलाकडं बघत राहिली. मागच्या दारातून धूर येत होता.

मागं पत्र्याच्या सोप्यात ऋषिराजची आई, लीलाबाई, चुलीपुढं बसली होती. पाहुण्यांसाठी पुरण शिजत ठेवलं होतं. डोळे लालभडक, नाकाला पदर.

"गॅस संपलाय व्हय, ताई?" बनुबाईनं विचारलं.

लीलाबाईनं एकदा दाराकडं बघितलं. "न्हाई वं. भरल्याला हाय."

"मग?"

"फिरतोय गावभर. गाडीत बसून." आणि घाईनं म्हणाली, "कुनाला बोलू नगा हां. त्यास्नी वाटतंय, कुनाला ठावं न्हाई."

बनुबाई तिच्या शेजारी चुलीपुढं बसली. "माजाबी," ती म्हणाली. "माजाबी आत्ता तुमच्या अंगनात हुबा हाय. पोत्याखाली."

दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या. आधी लीलाबाईच्या खांद्याला हिसका बसला, मग बनुबाईच्या. आवाज न करता, तोंडात पदर कोंबून दोघी हसल्या, एवढ्या की दोघींना एकदमच खोकला आला. तोही सारखाच. बाहेर तेहतीस आणि एकतीस एकमेकांना कार्बोरेटर समजावून सांगत होते.

खोकला थांबल्यावर लीलाबाईनं डोळे पुसले आणि अगदी साध्या, मायेच्या आवाजात म्हणाली, "सून आली म्हंजी बरं हुईल बघा. मला आता धुरात दिसत न्हाई. तिचं डोळं तरनं आसत्याल."

बाईच्या मनात पाप नव्हतं. म्हणूनच ते शब्द बनुबाईच्या काळजात घुसले. त्या चुलीपुढं, त्या पत्र्याखाली तिला साक्षी बसलेली दिसली, आणि अंगणात गाडी हलवणारा ऋषिराज, खांद्यावर नळी घेतलेला, थोडं टक्कल पडलेला. तिनं फुंकणी उचलली, लीलाबाईचा जाळ एकदा नीट लावून दिला, कारण त्या बाईशी तिचं भांडण नव्हतं. मग उठून सरळ बैठकीत गेली.

बैठकीत बाईमाणसानं येऊन बोलायचं नसतं. ती उंबऱ्याच्या आत उभी राहिली.

"आप्पा, उटा. आमाला ही सोयरीक करायची न्हाई."

नाथाजीच्या हातातली बशी कलंडली. हंबीरराव म्हणाले, "काय चुकलं का आमचं?"

"काय झालं, सूनबाई? कारन तरी सांगा," आप्पासो म्हणाले.

"कारन डिक्कीत हाय," बनुबाई म्हणाली. "दोगांच्याबी. उगडाय सांगा, म्हंजी दिसंल."

तिनं आवाज चढवला नव्हता. पण एवढं ऐकलं मात्र, आणि जे दोन गृहस्थ इतका वेळ आरामात लोडाला टेकले होते, ते जवळजवळ पळत अंगणात गेले. नाथाजी आपल्या डिक्कीला पाठ लावून उभा राहिला. हंबीरराव आपल्या. दोघांनी हात मागं घेतले होते, कुलपावर. आप्पासो काठी टेकत बाहेर आले. त्यांनी एकाकडं बघितलं, दुसऱ्याकडं बघितलं.

"उगडा की रं. काय हाय तरी काय?"

दोघांनी कुलपं आणखी घट्ट धरली. मग हळूहळू नाथाजीची मान हंबीररावांच्या डिक्कीकडं वळली आणि हंबीररावांची नाथाजीच्या. दोघांच्या तोंडावर एकाच वेळी उजेड पडला. ते वरचे दोन किलोमीटर कुठून येत होते, ते नाथाजीला शेवटी कळलं. व्याही न होताच कळलं. ऋषिराज आपल्या बुटाच्या टोकाकडं बघत होता. बनुबाईला त्याची जरा दया आली, पण दयेपायी मुलगी द्यायची नसते.

"हिनं आमचं नाक कापलं!" गाडीत बसताना नाथाजी फणफणला. "बस आता. चल."

"मी येत न्हाई," बनुबाई म्हणाली. "माज्यानं आर्दा किलोमीटर जातोय न्हवं? मग न्हिऊच नगा मला."

ती चढ उतरून चालायला लागली. आप्पासोही तिच्या मागं निघाले. तो खणखणणारा जॅक म्हणजे गॅसचा सिलिंडर, हे बनुबाईनं त्यांना हळूच सांगितलं होतं, आणि तो पाठीमागं घेऊन परत आष्ट्यापर्यंत बसायची त्यांची छाती नव्हती. साताऱ्याच्या स्टँडवर दोघांना सांगलीची एसटी मिळाली. बनुबाईला खिडकी मिळाली. काच उघडी होती आणि गाडी उतारावरसुद्धा इंजिन चालू ठेवून चालली होती. कंडक्टरनं तिचं पूर्ण तिकीट फाडून हातात दिलं. बनुबाईनं लाडवांची डबी उघडली, दोन आप्पासोंना दिले, दोन स्वतः खाल्ले. कराड येईपर्यंत तिला झोप लागली होती.

घरी पोहोचली तेव्हा साक्षी दारात उभी होती.

"कसं आहे घर?"

"घर हाय चांगलं. गॅस गाडीत हाय."

 साक्षीनं आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

दिवेलागणीला फियाट आली. आता हा ओरडणार, कदाचित हात उचलणार, म्हणून बनुबाई पदर खोचून तयार उभी होती. तू आलीस कशी, पोहोचलीस कधी, एवढं तरी विचारेल असंही तिला वाटून गेलं. माणसाला आशा सुटत नाही. नाथाजी गाडीतून उडी मारूनच उतरला. त्याचा चेहरा उजळला होता.

"छत्तीस!" तो म्हणाला. "तू न्हवतीस, आप्पा न्हवतं, गाडी नुसती उडत आली. छत्तीस लागलं! हंबीररावाला मागं टाकलं!"

सोयरीक मोडली, बायको परगावी रस्त्यावर उतरली, चारचौघांत शोभा झाली, त्यातलं काही या माणसाच्या अंगाला चिकटलं नव्हतं. बनुबाई त्याच्याकडं बघत राहिली. राग यायलाही समोर कुणीतरी असावं लागतं. तिला आजवर याचा धाक वाटत होता, याचीच तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पेंटर आला, चहा प्याला आणि काचेवर 'ॲव्हरेज ३६' काढून गेला. तोवर मायलेकींनी नाथाजीच्या सदऱ्यातली किल्ली काढून डिक्कीतला सिलिंडर गडगडत आत आणला होता. तो रिकामा होता, अर्थातच. छत्तीस काय फुकट लागले होते? नवीन सिलिंडर आला त्या दिवशी बनुबाईनं तो ओट्याखाली ठेवला, म्हशीची साखळी त्याच्या गळ्याभोवती घातली, खिडकीच्या गजाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

नाथाजी पोतं घेऊन स्वयंपाकघरात आला. "किल्ली दे."

"देते की," बनुबाई म्हणाली. "खुशाल न्या. पेंटरला सांगून ठेवलंय म्या. छत्तीसच्या खाली 'घरच्या गॅसवर' आसं लिवून जाईल त्यो. त्याच लाल रंगानं."

नाथाजीनं पोत्याची घडी घातली. "घरचाच हाय न्हवं गं त्यो," तो पुटपुटला. "घरचं कोन मोजतंय?"

"मी," बनुबाई म्हणाली आणि शेगडी पेटवली.

त्यानंतर फियाट कुठं गेली नाही. नुसत्या पेट्रोलवर काढली तर आकडा पुन्हा सतरावर येणार, आणि काचेवर तर छत्तीस लिहिलेलं. खरवडायला मन होईना. म्हणून नाथाजीनं आपल्या परीनं मार्ग काढला: गाडी चालवायचीच नाही. ती दारात उभी राहिली. तो रोज सकाळी फडक्यानं मागची काच तेवढी पुसायचा. टायर बसले, मडगार्डखाली कोंबडी अंडी घालायला लागली. पुढच्या साली साक्षीचं लग्न सांगलीच्या एका वर्कशॉपवाल्याच्या घरात झालं. बनुबाईनं आधी त्यांचं स्वयंपाकघर बघितलं होतं, ओट्याखाली वाकून. लग्नालासुद्धा नाथाजी एसटीनं गेला. पोरीची पाठवणी करताना तो रडला, आणि पाहुण्यांनी गाडी का नाही आणली म्हणून विचारलं तेव्हा डोळे पुसत म्हणाला, "गर्दीत ॲव्हरेज पडतंय."

अजूनही कुणी नवखा माणूस घरी येतो. दारातली गाडी बघतो, काच वाचतो आणि चहा पिताना विचारतो, "खरंच छत्तीस देती व्हय वो?" नाथाजी डोळे मिटून पायाकडं बोट करतो.

बनुबाई निळ्या आचेवरचं आधण खाली उतरवते आणि आतूनच सांगते, "देती की. हुबी हाय तवर."